पहिली एमजीबी घेतली: क्लब कोणता, आणि पहिल्या फेरीआधी काय काय बघू?

हूड_खाली

नमस्कार मंडळी. १९७१ ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी दोन आसनी स्पोर्ट्स कार) घेतली. क्रोम बंपर, उजवीकडचं स्टिअरिंग, वायर व्हील (तारांच्या आऱ्यांची चाकं), ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा जादा गिअर). मुक्काम इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ. आधीच्या मालकाने बिलांची जाडजूड फाइल दिली आहे, पण त्यातली निम्मी टायर आणि बॅटरीचीच आहेत. जुनी गाडी ही पहिलीच. पाना हातात धरता येतो, त्यापलीकडे दावा नाही.

१) एमजी कार क्लब की एमजी ओनर्स क्लब? दोन्हीकडे वर्गणी भरण्यात अर्थ आहे का?
२) क्लबच्या लोकांसमोर नुसती गाडी नेऊन उभी करायची, की काही तयारी लागते?
३) इंजिन गार असताना गाडी सुरेख चालते. वीस-पंचवीस मिनिटांनी, एका वेगाने जात असतानाच आचके देते.
४) ओव्हरड्राइव्ह लागतच नाही.
५) तापल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल प्रेशर १५ पीएसआय दिसतं. काळजी करू का?
६) पेट्रोल कोणतं भरायचं?

दोन आठवड्यांनी इथल्या एका गटाची रविवारची फेरी आहे, साधारण ६० मैल. तोवर गाडी नेण्याजोगी होईल का, हा खरा प्रश्न.

अष्टकोनी

पाचव्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे आज झोप लागेल. इंजिन नीट तापल्यावर आयडलला १० ते २५ आणि रस्त्यावर चालताना ५० ते ८० पीएसआय, असं एमजीबीचं गणित आहे. तुमचे १५ ठीक आहेत. आयडलपेक्षा ५० मैलांच्या वेगाला काटा कुठे असतो ते बघा.

आता क्लब. एमजी कार क्लब १९३० चा, मुख्यालय ॲबिंग्डनला, म्हणजे जिथे तुमची गाडी बनली त्याच गावात. त्याची रचना दुहेरी आहे: मॉडेलनुसार रजिस्टर आणि प्रांतानुसार सेंटर. तुम्हाला एमजीबी रजिस्टर लागू, आणि रेडिंगहून ॲबिंग्डन काही फार लांब नाही. एमजी ओनर्स क्लब १९७३ चा, केंब्रिजजवळच्या स्वेव्हसीचा. तिथला भर रोजच्या वापरातल्या गाड्यांवर, सुट्या भागांवर आणि विम्यावर. दोघांचेही स्थानिक गट महिन्यातून एकदा कुठल्यातरी पबमध्ये जमतात. त्याला इथले लोक ‘नॉगिन अँड नॅटर’ म्हणतात. आपल्याकडचा कट्टाच, फक्त चहाच्या जागी बिअर.

माझं मत: वर्गणी नंतर भरा, कट्ट्यावर आधी जा. नवख्याला कोणी हाकलत नाही. क्लबची खरी किंमत मासिकात किंवा बिल्ल्यात नसते. तुमच्या घरापासून वीस मैलांच्या आत सिल (दारांखालची पत्र्याची पेटी) बदलणारा भरवशाचा वेल्डर कोण, आणि कोणाकडे गाडी अजिबात द्यायची नाही, हे सांगणारी चार माणसं ज्या गटात भेटतील तो गट तुमचा. दोन्ही क्लबांची वर्गणी भरणारे पुष्कळ आहेत, पण पहिल्या वर्षी एक पुरे.

तयारी लागते, आणि ती कागदाची. बॉनेटखालच्या पट्टीवरचा गाडीचा नंबर आणि इंजिन ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेट केलेल्या पट्टीवरचा नंबर, दोन्हींचे फोटो काढा. गाडीचा नंबर ‘जीएचएन५’ने सुरू व्हायला हवा. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकारगट, एन म्हणजे उघडी दोन आसनी. जीटी (बंद छपराची) असती तर तिथे डी आला असता. पाचानंतर यू दिसला तर गाडी मुळात अमेरिकेसाठी बनलेली, डाव्या स्टिअरिंगची, नंतर उजवीकडे फिरवलेली. तशी गाडी वाईट नसते, उलट कोरड्या राज्यातून आली असेल तर पत्रा इथल्यापेक्षा चांगला. पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं होतं. इंजिनाचा नंबर १९७१ च्या पूर्वार्धात १८जीजी आणि साधारण उन्हाळ्यानंतर १८व्ही असा सुरू होतो.

मग वॉरिकशरमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. कारखान्याच्या मूळ नोंदवह्यांवरून ते देतात: गाडी कोणत्या दिवशी बनली, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर, कोणत्या बाजारात पाठवली. इंजिन नंतर बदललं असेल तर तिथे कळतं. त्याने गाडी टाकाऊ ठरत नाही, पण भाग मागवताना मूळ साल सांगायचं की बदललेल्या इंजिनाचं, हा घोळ मिटतो.

आणि एक. कट्ट्यावर ‘गाडी नीट चालत नाही’ असं म्हणाल तर दहा जण दहा गोष्टी बदलायला सांगतील. ‘गार असताना ठीक, पंचवीस मिनिटांनी ५० च्या वेगाला आचके, थांबून दहा मिनिटांनी पुन्हा ठीक’ असं म्हणाल तर एकच माणूस बोलेल आणि बाकीचे माना डोलावतील.

दोन_एसयू

आचक्यांबद्दल. कार्बोरेटरला हात लावू नका. एसयू कार्बच्या (या गाडीच्या कार्बोरेटरच्या) बहुतेक तक्रारी शेवटी डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) सापडतात.

दोन प्रकारचे आचके वेगळे ओळखायचे. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली आणि पहिला अर्धा मैल अडखळली, मग सुधारली, तर पेट्रोल उष्णतेने फ्लोट चेंबरमध्ये उकळतंय. त्यासाठी कार्ब आणि एक्झॉस्टच्या मधला पत्र्याचा हीट शील्ड जागेवर आहे का, त्याचं अस्तर शाबूत आहे का, ते बघा. एका वेगाने चालतानाच आचके येत असतील, तुमच्यासारखे, तर संशयित तीन: कंडेन्सर, कॉइल, रोटर आर्म.

कॉइल आधी मोजा. दोन्ही तारा काढून मल्टिमीटर प्लस-मायनस टोकांवर धरा. तुमच्या सालाच्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह कमी करणारा भाग) नसतो, म्हणून कॉइल ३ ओहमच्या आसपासची हवी. रबर बंपरच्या गाड्यांना बॅलास्ट आला आणि त्यांची कॉइल १.५ ओहमची. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. १.५ ची कॉइल तुमच्या गाडीत बसवली तर प्रवाह दुप्पट जातो, कॉइल भाजते, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) जळतात, आणि लक्षण अगदी तुम्ही लिहिलंय तेच.

रोटर आर्म नवा घ्यायचा तर वरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेला घेऊ नका. तो रिव्हेट आत खोलवर गेलेला असतो आणि ठिणगी त्यातून थेट शाफ्टवर उडी मारते. बिनरिव्हेटचा, लाल रंगाचा मिळतो, तो घ्या. कंडेन्सरची नवी पैदासही अशीच बेभरवशाची आहे. चालत असलेला जुना काढलात तर फेकू नका, ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.

हे झाल्यावर सेटिंगचा क्रम मोडायचा नाही: टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), पॉइंट, टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्ब. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरी आधीचीला बिघडवते.

टॅपेट गार इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. नवाचा नियम वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला मोजायचा, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलली की इंजिन फिरतं. प्लग काढून ठेवले तर आणखी सोपं. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

कार्ब एचएस४ असणार, दीड इंची. वरच्या डॅशपॉटमध्ये २० ग्रेडचं ऑइल, आतल्या पोकळ दांड्याच्या टोकापासून साधारण १३ मिमी वर येईल इतकं. ते नसेल तर गाडी अचानक ॲक्सिलरेटर दिल्यावर घुटमळते. डॅम्पर काढून पिस्टन बोटाने उचला आणि सोडा: धातूवर धातू ‘टक्’ वाजला पाहिजे. मऊ उतरला तर पिस्टन घासतोय किंवा जेट मधोमध नाही. मिक्श्चरसाठी पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग किंचित वाढून परत खाली आला तर बरोबर. वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त). इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी). खालचा नट वर फिरवला की लीन, खाली आणला की रिच. एका वेळी एकच पैलू, म्हणजे नटाचा सहावा भाग. सगळंच हरवलं असेल तर जेट पुलाच्या (कार्बच्या गळ्यातल्या उंचवट्याच्या) पातळीला आणून तिथून दोन पूर्ण फेरे खाली, ही सुरुवातीची जागा.

ओव्हरड्राइव्ह: सोडवायला घेण्याआधी ऑइल बघा. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकच ऑइल वापरतात आणि ते इंजिनाचंच असतं, २०डब्ल्यू-५०. गिअर ऑइल म्हणून कोणी ईपी९० ओतलं असेल तर काढून टाका. ईपी९० मागच्या ॲक्सलसाठी. घर्षण कमी करणारी कुठलीही बाटली त्यात ओतायची नाही, ओव्हरड्राइव्हचा क्लच घसरायला लागतो. डिपस्टिक टनेलवर (दोन सीटांमधल्या उंचवट्यावर), कार्पेटखालच्या रबरी बुचाखाली. एकूण साधारण ६ पाइंट, म्हणजे ३.४ लिटर मावतं. पातळी ठीक असेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू, चौथा गिअर, ओव्हरड्राइव्हचं बटण. खालून ‘टिक्’ ऐकू आलं तर वीज पोचते आणि दोष दाबाचा. नाही आलं तर गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच किंवा त्याची तार. तो स्विच फक्त तिसऱ्या-चौथ्यात जोडला जातो, म्हणून पहिल्या गिअरमध्ये तपासून ‘बिघडलाय’ म्हणू नका.

पेट्रोल: ई५ चं सुपर, ९७ किंवा जास्त ऑक्टेनचं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील खातं. नळ्या बदलताना त्यावर ‘आर९’ छापलेलं बघून घ्या. सिलिंडर हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्याचं बिल फाइलमध्ये आहे का तेही शोधा. नसेल तर जुन्या पेट्रोलमधल्या शिशाच्या जागी वापरायचं ॲडिटिव्ह टाका आणि एक्झॉस्ट टॅपेटचा गॅप दर काही महिन्यांनी मोजा. तो आपोआप कमी होत असेल तर सीट बसत चालली आहे.

तार_आणि_वीज

दोन_एसयूंशी बाकी सहमत, पण २०२० च्या दशकात पॉइंट कशाला? डिस्ट्रिब्युटरच्या आत मावणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा, कंडेन्सरचा प्रश्नच संपतो. १९६७ नंतरच्या एमजीबी निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं) आहेत, त्यामुळे सरळ बसतं. फक्त इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून रेडिओ ऐकत बसायचं नाही, मॉड्यूल भाजतं.

विजेचं दुसरं: सीटमागच्या फळीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, मालिकेत जोडलेल्या. पुष्कळांनी त्या काढून १२ ची एक बसवली आहे. काहीही असो, तिथे फळी उघडून बघाच. जोडणारी केबल जुनी असेल तर स्टार्टर रडतो आणि लोक स्टार्टर बदलतात. बॅटरीचा पाळणा गंजून तळ सुटलेला असेल तर बॅटरी खाली लोंबते.

दोन_एसयू

मॉड्यूल मरतं तेव्हा पूर्वसूचना न देता मरतं, आणि रस्त्याच्या कडेला त्याचं काही करता येत नाही. पॉइंट नखाच्या कानशीने साफ होतात. बसवायचंच तर पॉइंट-कंडेन्सर लावलेली जुनी बेसप्लेट गाडीत ठेवा, यावर तरी दुमत नसावं.

तार_आणि_वीज

दुमत नाही. ठेवतोच.

लांबी_ओळखा

सगळे इंजिनावर बोलतायत. एमजीबीचं इंजिन दुरुस्त होतं, गाडी मरते ती पत्र्याने.

रोडस्टरला छप्पर नाही आणि वेगळी चॅसिसही नाही. वाकण्याविरुद्धचा सगळा जोर दोन्ही सिल आणि मधला टनेल घेतात. सिल म्हणजे दारांखालची पेटी, आणि ती एक पत्रा नाही: बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल, आणि खाली कॅसल रेल. गाडीखाली आडवे झालात तर ती रेल दिसते, किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी दातेरी. नाव त्यावरूनच. बाहेरून चकचकीत दिसणारा सिल हा कुजलेल्या सिलवर चढवलेला नुसता मुखवटा असू शकतो, आणि या गाड्यांत हा प्रकार फार.

तपासणी अशी. फ्रिजवरचं चपटं मॅग्नेट पातळ फडक्यात गुंडाळा, रंगाला चरे जात नाहीत. सिलवर, पुढच्या विंगच्या खालच्या वीतभर भागात, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यात फिरवा. जिथे सुटेल तिथे लांबी (पुट्टी), फायबर किंवा स्टेनलेसचं झाकण. मग खालून कॅसल रेलला स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन लावा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भाकरीसारखा तुटतो.

शेवटची परीक्षा: दार बंद ठेवून दाराच्या मागच्या कडेचा गॅप वर आणि खाली मोजा. पुढच्या क्रॉसमेंबरजवळ, मजबूत चॅसिस रेलखाली लाकडी फळी ठेवून पुढचं चाक जेमतेम उचलेपर्यंत जॅक लावा. पुन्हा मोजा. वरचा गॅप दोन-तीन मिलिमीटरने बदलला किंवा दार अडकायला लागलं तर गाडी मधून वाकतेय. सिलखालच्या जॅकिंग पॉइंटवर ही परीक्षा करू नका, तो आत घुसेल. आणि जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, आधी स्टँड.

गंज सुरू कुठे होतो ते कळलं की अर्धं काम झालं. पुढच्या चाकाच्या कमानीत मागच्या बाजूला चिखल अडवायची प्लेट असते. तिच्या कडेचं रबर सुकलं की ओला चिखल पलीकडे जाऊन सिलच्या टोकावर बसतो, वर्षानुवर्षं. प्लेट काढून तो खरवडा, पाण्याने धुवा, नवं रबर लावा. पेट्रोलची टाकी बूटच्या (डिकीच्या) तळाला भिडून बसते, त्या फटीत ओल राहते आणि टाकी वरून सडते. म्हणून अर्धी भरलेली असताना वास नाही आणि पूर्ण भरली की वास येतो. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे टोक जिथे अडकतात तो हँगरही बघा. दारावर, पुढच्या त्रिकोणी काचेच्या खाली उभी भेग दिसली तर घाबरू नका. ती इतकी नेहमीची आहे की गाव तिला ॲबिंग्डनचंच नाव देतं.

ब्रेक. ब्रिटनमध्ये विकलेल्या त्या सालच्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक नळी फुटली की पायाखाली काही उरत नाही, उरतो तो हँडब्रेक. तिन्ही रबरी नळ्या कोणत्या सालच्या आहेत हे फाइलमध्ये सापडलं नाही तर बदला, खर्च फार नाही. रबर आतून सुजलं तर ब्रेक दाबल्यावर सुटत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. फ्लुइड डॉट ४, दर दोन वर्षांनी नवं.

वायर व्हील. चाक हवेत उचला, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक मागे-पुढे फिरवून बघा. ‘टक टक’ झालं तर हबवरचे (चाक ज्यावर बसतं त्या भागावरचे) दाते झिजलेत. चाक काढाल तेव्हा दात्यांचं टोक बोटाने चाचपा: सपाट माथा चांगला, सुरीसारखी धार म्हणजे हब संपला. नवं चाक झिजलेल्या हबवर घालू नका, महिन्यात तेही झिजतं. बसवताना दाते आणि शंकूला ग्रीस, नट तांब्याच्या हातोड्याने, चाक हवेत असतानाच आवळायचा म्हणजे मधोमध बसतं. ५० मैलांनी पुन्हा एकदा ठोका. गाडीच्या डाव्या बाजूचे आटे नेहमीचे, उजव्या बाजूचे उलटे. लक्षात ठेवायचं तर: चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सुटतो. नवख्याने उजव्या बाजूचा नट ‘सुटत नाही’ म्हणून आवळत बसणं हा क्लबातला जुना विनोद आहे.

किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं तो उभा खिळा) प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल, दर ३,००० मैलांना. चाक हवेत ठेवून ग्रीस मारा, वजन असलं की खालच्या बाजूला पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

शून्य_टॅक्स

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून.

रोड टॅक्स शून्य आहे, पण ‘भरावा’ लागतो. मालक बदलला की आधीचा टॅक्स रद्द होतो, त्यामुळे तुमच्या नावाने शून्याचा टॅक्स काढल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) वर टॅक्सवर्ग ‘हिस्टॉरिक’ आहे का बघा. ४० वर्षांवरच्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटीची (वार्षिक तपासणीची) सक्ती नाही, मात्र गाडीत मोठा बदल झालेला नसावा. सूट घेताना व्ही११२ चं प्रतिज्ञापत्र लागतं. सक्ती नाही म्हणून करू नये असं नाही. तुमच्या जागी मी पहिल्याच आठवड्यात करून घेईन: परका माणूस रॅम्पवर गाडी चढवून खालून बघतो, याहून स्वस्त तपासणी नाही.

लंडनला जाणार असाल तर हिस्टॉरिक वर्गाला यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क) माफ, कंजेशन चार्ज मात्र माफ नाही.

विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चाच (किंमत आधीच ठरवलेला) घ्या. साध्या विम्यात अपघातानंतर कंपनी त्या दिवशीचा भाव ठरवते, आणि तिला पन्नास वर्षांची जुनी गाडी दिसते. ॲग्रीड व्हॅल्यूसाठी किंमत सांगणारं पत्र लागतं आणि ते क्लब देतो: चारी बाजूंचे, आतले, इंजिनाचे आणि खालचे फोटो द्यायचे. वर्गणी इथेच वसूल होते. वर्षाचे मैल खरे सांगा. नव्या चाकांपासून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलपर्यंत प्रत्येक बदल कळवा, फुकटचा वाटला तरी.

पुणेकर_वाचक

जरा विषयांतर. अशी गाडी इथे भारतात नेहमीच्या वापरासाठी कागदावर बसते का? पुण्यात एका नातेवाइकांकडे ५० वर्षांवरची गाडी नुसती उभी आहे.

शून्य_टॅक्स

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणी ५,०००. पण रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर. अधिक हवं तर वेगळा धागा काढा, इथे एमजीबी राहू दे.

हूड_खाली

सगळ्यांचे आभार. शनिवारभर बघितलं, निकाल असे:

कॉइल १.६ ओहम. ३ ची मागवली, बसवली, ४० मिनिटं चालवून बघितली, आचके गेले. पॉइंट काळेठिक्कर होते, बदलले.

गिअरबॉक्समध्ये जवळजवळ अर्धा लिटर ऑइल कमी. भरल्यावर ओव्हरड्राइव्ह लागतो, पण बटणानंतर दोनेक सेकंदांनी.

गाडीचा नंबर जीएचएन५, यू नाही. इंजिन १८व्ही.

डाव्या सिलवर, पुढच्या विंगच्या मागे वीतभर भागात मॅग्नेट चिकटत नाही. कॅसल रेलमध्ये स्क्रूड्रायव्हर एका जागी आरपार गेला. जॅक लावल्यावर डाव्या दाराचा वरचा गॅप ३ मिमीने कमी झाला. उजवी बाजू जशीच्या तशी.

रविवारी ६० मैल नेऊ का?

दोन_एसयू

ओव्हरड्राइव्हचं आधी: दोन सेकंद जास्त आहेत. ऑइल पूर्ण काढा आणि ओव्हरड्राइव्हच्या तळाचा फिल्टर उघडून धुवा, गाळ आणि धातूची बारीक कीस असणार. मग नवं भरा. कमी झालेलं अर्धा लिटर गेलं कुठे तेही शोधा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे खाली एक छोटी पिन लोंबते, तिच्यावर थेंब दिसले तर आतली कुठलीतरी सील गळतेय. थेंबभर गळणं या गाड्यांना शोभतं, ओघळ नाही.

लांबी_ओळखा

गाडी नेऊ नका. एका बाजूचा सिल गेलाय आणि दाराचा गॅप तेच सांगतोय. धडक बसली तर ती बाजू पहिल्यांदा मिटेल. तुम्ही मात्र जा, कोणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून. त्या घोळक्यात ज्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत सिल करून घेतले आहेत त्यांना शोधा, आणि काम झाल्याचे नाही, काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्या वेल्डरकडे पत्रा कापल्यानंतरचे आणि मधला पडदा बसवतानाचे फोटो नाहीत, त्याने बाहेरचाच पत्रा बदलला असं समजा.

ज्याला विचाराल त्याला हे प्रश्न विचारा. दारं लावलेलीच ठेवून काम करतो का? दारं काढून सिल वेल्ड केला तर नंतर ती बसत नाहीत, म्हणून उत्तर ‘हो’च हवं. दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आडवा पाइप टेकू म्हणून लावतो का? एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीला हात घालतो का? बाहेरचा सिल पुढच्या विंगच्या आणि मागच्या विंगच्या आत शिरतो. तो पूर्ण बदलायचा तर पुढची विंग उतरवावी लागते किंवा तिचा खालचा भाग कापून नवा लावावा लागतो. जो म्हणेल ‘विंगला हात न लावता करून देतो’, तो मुखवटाच चढवणार.

पत्रे विटनीच्या ब्रिटिश मोटर हेरिटेजचे मागा. ते मूळ साच्यांतून काढतात. १९८८ पासून तर एमजीबीची अख्खी बॉडीच बनवतात. स्वस्त पत्र्याची घडी जुळत नाही आणि वाचलेले पैसे मजुरीत जातात. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सुटलेल्या, कार्पेट बाहेर, आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघून ठेवलेलं. रंग झाल्यावर सिलच्या पोकळीत मेण फवारून घ्या, आणि तळाची निचऱ्याची भोकं त्या मेणाने बुजली नाहीत ना, ते तारेने टोचून बघा.

विम्याच्या किंमतपत्रासाठीचे फोटो हे सगळं झाल्यावर काढा, आधी नको.